छातीत पाणी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी माझी बायको शालिनी होती म्हणून टाळलं आणि ती गेल्यावर, आता काय उपयोग, म्हणून. तुम्हा दोघांचं कॅनडाला जायचं ठरलं होतं, मग तुम्ही एकटेच कसे गेलात, असं कोणी विचारलं की मी सांगत असे, तिला थंडी मानवत नाही. दिल्लीत तीसेक हिवाळे काढलेल्या बाईबद्दल मी हे बोलत होतो, पण कोणी उलट प्रश्न केला नाही. माणसांना उत्तर मिळालं की पुरतं.

आता माझी ऐंशी उलटली आहे. परदेशी मुलाबाळांकडे कायमचं जाण्यासाठी ज्यांना वैद्यकीय तपासणी द्यायची आहे, त्यांच्या उपयोगाचंही यात थोडं आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

दक्षिण दिल्लीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शालिनीचा चेस्ट एक्स-रे, म्हणजे छातीचा फोटो, मागे दिवा असलेल्या काचेवर लावला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. "यहाँ शैडो है," त्या म्हणाल्या. शॅडो म्हणजे सावली. निरोगी फुप्फुस फोटोत काळं दिसतं आणि जिथे जखम असते किंवा कधीकाळी होऊन भरलेली असते, तिथे पांढुरका डाग दिसतो. तसा डाग तिथे होता.

शालिनी खुर्चीत पुढे सरकून बघत होती. मला बघायची गरज नव्हती. तो डाग मी तीस वर्षांपूर्वीच पाहिला होता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचा एकुलता एक मुलगा नंदू आधी नोएडाच्या एका कंपनीत संगणकाचं काम करायचा. तिथून तो टोरांटोला गेला, तिथेच स्थिरावला, आणि त्याने आम्हा दोघांना कायमचं बोलावण्यासाठी अर्ज केला. सुनेला दिवस गेले होते. बाळंतपणाला आई हवी, असं त्याने फोनवर सांगितलं. तो असं काही मागणाऱ्यातला नव्हता. शालिनीने फोन ठेवला आणि त्याच दुपारी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवायला घेतली.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. क्वार्टरमध्ये असताना भिंतीपलीकडच्या मद्रासी बाई सकाळी डब्यातली चटणी कठड्यावरून द्यायच्या. इथे निम्मे फ्लॅट कुलूपबंद होते. लोकांनी घेऊन ठेवले होते, राहायला कोणी आलं नव्हतं. संध्याकाळी समोरच्या इमारतीत मोजके दिवे लागायचे. शालिनी म्हणायची, "घर मोठं मिळालं, पण हाक मारायला कोणी नाही."

वैद्यकीय तपासणीचं पत्र आलं तेव्हा तिला सणासारखं वाटलं. ही तपासणी आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे करून चालत नाही. त्या देशाच्या वकिलातीने नेमलेले डॉक्टर असतात, त्यांना पॅनल फिजिशियन म्हणतात. ते तपासतात, आधीच्या आजारांची माहिती विचारतात, रक्त, लघवी आणि छातीचा फोटो घेतात आणि वकिलातीला कळवतात. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पण मी मिनिस्ट्रीत जन्म घालवलेला माणूस. मी तिची तयारी करून घ्यायचं ठरवलं.

सरकारी कचेरीत एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. वरून जेवढं विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. एक ओळ जास्त लिहिली की त्यातून चार प्रश्न निघतात. हे मी माझ्या वरिष्ठांकडून शिकलो आणि पुढे हाताखालच्या किती जणांना शिकवलं. तेच मी शालिनीला शिकवायला बसलो. जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे मी डॉक्टर झालो.

"नाव?"

"तुम्ही आजवर कधी घेतलं नाहीत ते."

"नीट बोल गं. ऑपरेशन वगैरे?"

"नो."

"मोठा आजार?"

"छातीत पाणी झालं होतं. नंदूच्या वेळी."

मी म्हणालो, "ते नाही सांगायचं."

"का? झालं होतं ना?"

"तुला छातीत पाणी झालं होतं का, असं त्यांनी विचारलं तर सांग."

"असं कोण विचारेल?"

"म्हणूनच."

ती हसली. "अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झालात, पण बाबूच राहिलात."

आता त्या छातीत पाणी होण्याबद्दल सांगतो.

नंदू चारपाच महिन्यांचा होता तेव्हा तिला खोकला लागला. संध्याकाळी बारीक ताप यायचा. तिचं वजन उतरलं आणि एकदा रुमालावर रक्त दिसलं. आमच्याच ब्लॉकमध्ये एक बंगाली डॉक्टर राहायचे. त्यांनी फोटो काढायला लावला. फोटो घेऊन मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं, टीबी आहे. म्हणजे क्षय. औषधं आहेत, दीड-दोन वर्षं नेमाने घेतली तर पूर्ण बरी होईल. पण मूल लगेच दूर ठेवा.

शालिनीची एक आत्या क्षयाने गेली होती. तिला मागच्या पडवीत ठेवलं होतं, ताट उंबऱ्यावरून सरकवत, आणि भाचरांनी तिकडे फिरकायचं नाही असा दंडक होता. ती आत्या पडवीतून हाका मारायची आणि आम्ही कान झाकून खेळायचो, हे शालिनीने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा ती रडली होती. तो शब्द घेऊन मी घरी कसा जाणार होतो?

हे एक कारण झालं आणि ते खरं आहे. दुसरंही तितकंच खरं आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. भावजयीला क्षय आहे हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. शिवाय क्वार्टरमधली माणसं आमच्याकडचा चहा प्यायची थांबली असती. पहिलं कारण मी स्वतःला मोठ्याने सांगत राहिलो आणि दुसऱ्याचं नाव काढलं नाही.

घरी येऊन मी तिला म्हणालो, छातीत पाणी झालंय. त्या काळी लोक असंच म्हणायचे. समोरच्याला कळायचं आणि न कळल्यासारखंही करता यायचं. शालिनीला मात्र खरंच कळलं नाही. ती पाणी वाळायची वाट बघत राहिली. गोळ्या मी वेष्टनातून काढून बिस्किटांच्या डब्यात भरायचो. ताकदीच्या आहेत, म्हणायचो. इंजेक्शनं डॉक्टर घरी येऊन देत. मी हात जोडून विनंती केली होती म्हणून त्यांनीही तो शब्द उच्चारला नाही, पण गोळ्या चुकवू द्यायच्या नाहीत असं माझ्याकडून वचन घेतलं. ते मात्र मी पाळलं. ती पूर्ण बरी झाली.

नंदूला माझी आई वाईला घेऊन गेली. आईला मी सगळं पत्राने कळवलं होतं. शालिनीला मी काय सांगितलं? म्हणालो, आईची इच्छा आहे. तू अशक्त, तुझ्याच्याने पोर सांभाळणं व्हायचं नाही, असं तिचं म्हणणं आहे. आईने हे ऐकून घेतलं आणि स्वतःकडे वाईटपणा घेतला. मूल परत आलं तेव्हा तीन वर्षांचं होतं आणि शालिनीला काकू म्हणत होतं. पुढे आई म्हणू लागलं, पण रात्री झोपताना त्याला आजी लागायची. सासूने माझं पोर तोडलं, असं शालिनी जन्मभर मानत राहिली. मी त्या दोघींच्या मधे बसून जेवत राहिलो.

तर तपासणीचा दिवस. फोटोसाठी गळ्यातलं काढायला सांगितलं. शालिनीने मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "दुसऱ्यांदा काढतेय. तेव्हाही फोटोसाठीच काढलं होतं." मी मूठ बंद केली.

आठवड्याने बोलावणं आलं आणि ती सावली निघाली. डॉक्टरीणबाई प्रौढ पंजाबी होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी शालिनीला विचारलं, "माताजी, कभी टीबी हुई थी? टीबी की दवाई खाई?"

"नो," शालिनी म्हणाली. तयारी केल्यासारखं खणखणीत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आपको कुछ याद है? पुराना इलाज हुआ हो तो बताइए. इनके लिए आसान हो जाएगा."

यापेक्षा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. मी म्हणालो, "जहाँ तक मुझे याद है, नहीं."

शालिनी शेजारी बसली होती म्हणून मी तसं म्हणालो. आता इतक्या वर्षांनी तिच्यासमोर कसं बोलू, एवढंच मनात आलं. मी नंतर एकट्याने जाऊनही सांगू शकलो असतो. दवाखाना कुठे पळून जाणार नव्हता.

वाचणाऱ्यांना इथे थांबून सांगतो. जुना, पूर्ण उपचार झालेला क्षय असला म्हणून तुम्हाला कोणी नाकारत नाही. त्यांना एवढंच पाहायचं असतं की आज तो जिवंत आहे का. जे झालं असेल ते सांगून टाका. पुन्हा तपासण्या कदाचित तरीही होतील, पण त्या का होताहेत हे तुमच्या माणसाला ठाऊक असेल.

शालिनीला ठाऊक नव्हतं. तिची स्प्युटम कल्चर ही तपासणी ठरली. सलग तीन सकाळी उठल्याबरोबर खोकून बेडका द्यायचा. प्रयोगशाळेत तो उबेत ठेवून त्यात क्षयाचे जंतू वाढतात का ते बघतात. हे जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून उत्तराला दोन महिने लागतात. तोवर थांबायचं.

 घरी आल्यावर तिने एक ताट, एक वाटी आणि एक भांडं वेगळं काढलं आणि सिंकखाली ठेवलं. माझं अंथरूण आतल्या खोलीत राहिलं. तिने आपलं नंदूसाठी राखलेल्या खोलीत नेलं. मी म्हणालो, अगं, अजून काही सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांनी असलं काही करायला सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टर सांगणार नाहीत. आपल्याला कळायला पाहिजे."

संक्रांत आली. दरवर्षी ती मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची. लक्ष्मीबाई नगरच्या मैत्रिणी दोन बस बदलून यायच्या. त्या वर्षी तिने कोणाला कळवलं नाही आणि त्यांचे फोन आले तर मला घ्यायला लावले. आम्ही दोघं एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होतो. ती जेवण करून टेबलावर झाकून ठेवायची आणि खोलीत जायची. मी जेवलो की भांड्यांच्या आवाजाने तिला कळायचं. मग ती जेवायला यायची.

ती दाराआडून बोलायची. एका संध्याकाळी तिने विचारलं, "अहो, मला हे कुठून आलं असेल?"

मी बाहेरच्या खोलीत होतो. दार उघडंच होतं. मला उठून आत जायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं.

"दिल्लीची हवा," मी म्हणालो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आईंना तेव्हाच काही दिसलं असेल का हो? माझ्या हातात पोर द्यायचं नाही म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्यांना बोल लावला."

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी पंखा बंद करायला उठलो. थंडीचे दिवस होते, पंखा चालू नव्हताच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. कल्चर निगेटिव्ह, म्हणजे जंतू वाढले नाहीत. दुसरा फोटोही पहिल्यासारखाच निघाला. डॉक्टरीणबाईंना मनापासून आनंद झाला होता. त्या म्हणाल्या, "माताजी, आपको कोई टीबी नहीं है. पुराना ज़ख़्म है, भर चुका है. कभी हुआ होगा, आपको पता भी नहीं चला. जाइए, पोते को खिलाइए."

मला वाटलं, सुटलो. आता सांगायची गरज उरली नाही.

घरी येऊन मी ते ताट वर ठेवायला घेतलं. तिने माझ्या हातातून काढून घेतलं. "पता भी नहीं चला, म्हणाल्या ना? म्हणजे झालं आणि मला कळलं नाही. औषधसुद्धा घेतलं नाही. परत उलटलं तर तेव्हा तरी मला कुठे कळणार आहे? आणि मी ओलं बाळ मांडीवर घेऊन बसू?"

"डॉक्टर एवढ्या शिकलेल्या आहेत."

"आत्याचेही डॉक्टर होते."

तिच्या शंकेला एकच उत्तर होतं. तुला कळलं नाही, पण तुझा उपचार झाला होता, पुरा झाला होता, डब्यातली एकही गोळी चुकली नव्हती. ते उत्तर जगात फक्त माझ्याकडे होतं. मी तिला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, नंदूला फोनवरून समजावायला सांगितलं, देवाची शपथ घातली. ते एक सोडून मी सगळं केलं.

व्हिसा दोघांचाही आला. त्याला मुदत असते, ती उलटली की सगळं पुन्हा. दुपटी, कुंची आणि डिंकाचे लाडू घेऊन मी एकटाच गेलो. विमानतळावर ती आली नाही. सोसायटीच्या फाटकाशी टॅक्सी वळेपर्यंत उभी होती, एवढं दिसलं.

टोरांटोला नातू झाला. मी त्याला मांडीवर घेतलं तेव्हा नंदू खिडकीशी उभा होता. दिल्लीत वाढलेला मुलगा, त्याचं मराठी अर्धं हिंदी. तो म्हणाला, "बाबा, सच बताओ. टीबी तो बहाना था, आईला यायचंच नव्हतं ना? लहानपणी पण तिने मला ठेवून नाही घेतलं."

"थकली आहे ती," मी म्हणालो.

मी तिथे राहू शकलो नाही. थोड्याच महिन्यांत परत आलो. नातू चालायला लागल्यावर नंदू त्याला आणि सुनेला घेऊन दिल्लीला आला. शालिनीने चार दिवस आधीपासून घर पुसून काढलं होतं. पोर आत आलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदराने नाक-तोंड झाकून उभी राहिली. तिथूनच हात उंच करून तिने दृष्ट काढली. पोराला तो पदर बघून भीती वाटली, ते रडत आईला बिलगलं. सुनेचा चेहरा पडला. नंदूने माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांचा मुक्काम त्यांनी आठवड्यात आटोपला आणि उरलेले दिवस गुरगावला सुनेच्या भावाकडे काढले. तिथे तेव्हा उंच इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. शालिनीने नातवाला एकदाही उचललं नाही. तो झोपला की ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि बघायची.

त्यानंतर काही वर्षांनी ती हृदयविकाराने गेली. फुप्फुसाने तिला शेवटपर्यंत त्रास दिला नाही.

मागच्या वर्षी मी नंदूला फोनवर सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजीला पण माहीत होतं?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मतलब, फक्त आईलाच माहीत नव्हतं." त्यानंतर त्याचा फोन पूर्वीसारखा दर रविवारी येतो. तब्येतीची चौकशी होते. त्या विषयावर तो बोलत नाही आणि त्याने बोलावं असं म्हणायचा मला हक्कही नाही.

आमच्या नात्यागोत्यात अजून दोन गोष्टी बोलल्या जातात. माझ्या आईने सुनेचं मूल तोडलं आणि शालिनीला नातवाचा लळा नव्हता. दोन्ही खोट्या आहेत. दोन्हींच्या मुळाशी मी आहे, हे इथे लिहून ठेवतो.

शेवटी तिला आयसीयूमध्ये ठेवलं होतं. आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग. तिथे नातेवाइकांना थोडाच वेळ सोडतात. बाहेरच्या बाकावर बसून मी काय बोलायचं ते ठरवत होतो, शब्द मागेपुढे करत होतो. आत गेलो तेव्हा ती शुद्धीत होती. तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. तो बाजूला करून ती म्हणाली, "दूध उतू जाऊ दिलं नाहीत ना?" मी म्हणालो, नाही. तिने डोळे मिटले. मी तिचा हात धरून उभा राहिलो. नर्स म्हणाली, "अंकल, टाइम हो गया." मी बाहेर आलो.

पहाटे त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा ऐकणारं कोणी नव्हतं.

बाकावर बसून मी जे ठरवलं होतं ते असं होतं: तुला क्षय झाला होता आणि तू त्यातून पूर्ण बरी झाली होतीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नंदूला तुझ्यापासून मी दूर केलं, आईने नाही. आणि त्या पोराला तू केव्हाही उचलून घेऊ शकली असतीस. माझं चुकलं गं.